हूक मारताना तळवा कुठे असावा? आधी कोपर कुठे आहे ते बघा

हूक म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा. प्रश्न थोडक्यात असा: "तीन महिने बॉक्सिंग शिकतोय. एक कोच सांगतात, डावा हूक मारताना तळवा स्वतःकडे हवा, हातात पेला धरल्यासारखा, अंगठा वर. दुसरे सांगतात, तळवा जमिनीकडे, मूठ आडवी. दोन्ही करून बघितलं. पंचिंग बॅगवर पंधरा-वीस मिनिटं हूक मारले की मनगट अंगठ्याच्या बाजूने दुखायला लागतं. दोघांपैकी बरोबर कोण?"

दोघंही बरोबर आहेत, आणि हे मी कुणाला दुखवायचं नाही म्हणून म्हणत नाही. दोन्ही पद्धतींनी जग जिंकलेले मुष्टियोद्धे आहेत. मात्र तुमच्या दुखण्याचा उगम तळव्याच्या दिशेत नसावा. तो कोपराच्या कोनात आणि बॅगपासूनच्या अंतरात असावा, असा माझा अंदाज आहे. का ते सांगतो.

हूक म्हणजे आकडा. नाव ऐकलं की नवशिका मनगटाचाच आकडा करतो: मूठ आतल्या बाजूला दुमडतो आणि गोल फिरवून मारतो. मी शिकवायला लागल्यापासून सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेली चूक कुठली विचाराल तर हीच. आकडा कोपरात असतो, मनगटात नसतो. कोपरापासून मुठीच्या पुढच्या टोकापर्यंत हात एका सरळ काठीसारखा हवा. मनगट आत नाही, बाहेर नाही, वर नाही, खाली नाही. ठोसा लागला की तो धक्का मुठीतून मनगटात, तिथून कोपरात, खांद्यात आणि शेवटी पायात जायला हवा. वाटेत कुठे मोड असेल तर धक्का तिथेच मुरतो. आत मुरला तर दुखापत तुमची, आणि समोरच्याला काही झालेलं नसतं.

आता मूठ. चार बोटं गुंडाळा, अंगठा बाहेरून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर आडवा टाका. अंगठा बोटांच्या आत कोंडायचा नाही आणि बाजूला उभाही सोडायचा नाही. लागायला हवीत ती पहिली दोन नकल्स, म्हणजे तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या मुळाशी येणारे उंचवटे. याला कारण आहे. सैल मूठ करून दुसऱ्या हाताने एकेक उंचवटा वर-खाली हलवून बघा. पहिले दोन जवळजवळ हलत नाहीत. त्यांची तळहातातली हाडं मनगटाशी घट्ट बसलेली आहेत आणि हाताच्या मोठ्या हाडाच्या रेषेत येतात. अनामिका आणि करंगळीची मात्र हलतात, करंगळीचं तर चांगलंच. जोरात आपटलं की मोडतं ते तेच, करंगळीच्या उंचवट्यामागे. या मोडीला डॉक्टरही बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. नाव बॉक्सरचं, पण ती बहुतेकदा होते न शिकलेल्या माणसाला, रागाच्या भरात भिंतीवर ठोसा मारणाऱ्याला.

इथपर्यंत तुमचे दोन्ही कोच एकच सांगत असणार. मतभेद पुढे सुरू होतो, म्हणून हा छोटा प्रयोग उभं राहून करूनच बघा. वाचून तो कळणार नाही.

डावा हात खांद्याच्या उंचीवर आणा आणि कोपर साधारण काटकोनात वाकवा, म्हणजे कोपरापुढचा हात छातीसमोर आडवा येईल. मुठीची नकल्स आता उजवीकडे बघताहेत. हूकसुद्धा उजवीकडेच जातो. म्हणजे मूठ ज्या दिशेला चालली आहे, नकल्सही त्याच दिशेला आहेत. आता तळवा स्वतःकडे करा, मग जमिनीकडे करा. दोन्ही वेळा पुढे नकल्सच राहतात. म्हणून जवळच्या अंतरावर, काटकोनातल्या हूकमध्ये, तळव्याचा वाद बराचसा सवयीचा आणि सोयीचा आहे.

आता कोपर उघडा, १३० अंशांच्या आसपास. लांब उभे राहून हूक पोहोचवायला जाल तेव्हा हेच होतं. नकल्स आता उजवीकडे बघत नाहीत. ती पुढे आणि थोडी उजवीकडे बघताहेत. मूठ मात्र अजूनही उजवीकडेच चालली आहे. मग पहिल्यांदा काय लागणार? तळवा स्वतःकडे ठेवला असेल तर बोटांची आतली बाजू, म्हणजे चापट. तळवा जमिनीकडे असेल तर मुठीची अंगठ्याची बाजू. धक्का मग मनगटाला आडवा बसतो आणि मूठ करंगळीकडे ढकलली जाते, अंगठ्याच्या बाजूची शीर ताणली जाते. तुमचं मनगट नेमकं कुठे दुखतंय म्हणालात? अंगठ्याच्या बाजूने. तुम्ही बॅगपासून लांब उभे राहून, तळवा खाली ठेवून मारत असणार. चुकत असेन तर सांगा, पण पैज लावायला तयार आहे.

यावर काही जण उपाय सांगतात की लांबच्या हूकमध्ये मूठ आणखी पिळा, अंगठा पार जमिनीकडे जाईपर्यंत. असे मारणारे चांगले मुष्टियोद्धे आहेत, पण त्यासाठी खांदा कानाशी लागेल इतका वर यावा लागतो आणि वेळ अचूक साधावी लागते. तीन महिन्यांच्या शिकाऊला मी ते शिकवत नाही. लांब पोहोचायचं असेल तर पुढचं पाऊल अर्धा फूट आत टाका आणि कोपर आहे त्याच कोनात ठेवा. हूकची लांबी पायाने वाढवायची. हाताने वाढवायला गेलात की गोफण होते, आणि गोफणीत दगड सुटून जातो. इथे सुटायला मनगटाखेरीज काही नाही.

मग जवळच्या आणि मधल्या अंतरावर कुठला तळवा? माझं मत ऐका, आणि ते मतच समजा. तळवा स्वतःकडे असेल तर कोपरापुढची दोन्ही हाडं एकमेकांना समांतर असतात, खांद्याला आतला पीळ कमी पडतो, कोपर जरा खाली राहिलं तरी चालून जातं. ज्यांचा खांदा हात वर करताना आत कुठेतरी चिमटल्यासारखा दुखतो त्यांना मी हीच पद्धत देतो. तळवा जमिनीकडे केला की कोपर आपोआप वर येतं, खांदा हनुवटीला झाकतो, आणि समोरच्याच्या गार्डच्या, म्हणजे बचावासाठी चेहऱ्याशी धरलेल्या हातांच्या, बाजूने मूठ चपटी होऊन आत शिरते. बदल्यात तो कोपराबद्दल काटेकोर आहे. तळवा खाली आणि कोपरही खाली राहिलं तर हात मुठीकडे चढणीवर जातो आणि मनगट मागे दुमडतं. डोक्यावरच्या हूकला लागण्याच्या क्षणी कोपर मुठीच्या मागे, जवळजवळ तिच्याच उंचीवर हवं.

प्रत्यक्षात बहुतेकांची मूठ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, ४५ अंशांच्या आसपास जाऊन स्थिरावते. मी नव्या मुलामुलींना सुरुवातीला अंगठा वर ठेवायला सांगतो आणि पुढच्या काही महिन्यांत मूठ हळूहळू स्वतःची जागा शोधते. तुमची जागा कुठे आहे हे शोधायची एक साधी चाचणी आहे. बॅगजवळ हूकच्या अंतरावर उभे राहा. ठोसा मारू नका. हूकच्या कोनात वाकवलेल्या हाताची मूठ बॅगच्या बाजूला टेकवा आणि पाय-कंबर फिरवून अंगाचं वजन तिच्यावर घाला, जितकं घालता येईल तितकं. मनगट डगमगलं तर वजन काढा, मूठ थोडी फिरवा, पुन्हा ढकला. कुठल्यातरी एका कोनात हात खांबासारखा वाटेल, जोर लावला तरी मनगटाला त्याची जाणीवही होणार नाही. ती तुमची मूठ. तिथून सावकाश मारायला लागा. पाच-सात मिनिटांचं काम आहे, पण कंटाळवाणं असल्यामुळे कुणी करत नाही.

दुसरी खूण ग्लव्हज देतात. सहा महिने वापरलेला डावा ग्लव्ह उजेडात धरून बघा. चामडं नकल्सच्या पट्ट्यावर झिजलेलं असेल तर उत्तम. अंगठ्याच्या शिवणीपाशी किंवा बोटांच्या आतल्या बाजूला घासलेलं असेल तर बॅगने तुमचा हिशेब लिहून ठेवलाय. आवाजही सांगतो. नीट लागलेल्या हूकचा आवाज 'धप्प' असा जड असतो आणि बॅग मध्यातून वाकते. चापट लागली की 'फट्' असा मोठा, ऐकायला झकास आवाज येतो आणि बॅग नुसती गरगर फिरते. या 'फट्'च्या नादाला लागून वर्षं घालवलेले लोक मी पाहिलेत. स्पर्धेत उघड्या ग्लव्हने, ग्लव्हच्या आतल्या बाजूने किंवा मनगटाने मारलेल्या ठोशाला गुण तर नाहीतच, वर पंच ताकीद देतात. हौशी बॉक्सिंगच्या ग्लव्हजवर नकल्सच्या जागी पांढरा पट्टा असायचा, तो याच कारणासाठी.

जोर कुठून येतो हे थोडक्यात, कारण हाताची जागा त्यावरच ठरते. उजव्या हाताची माणसं साधारणपणे ऑर्थोडॉक्स उभी राहतात, डावा पाय पुढे. डावा हूक मारताना पुढच्या पायाचा चवडा जमिनीवर फिरतो, टाच बाहेर जाते, खुबा फिरतो, खांदा फिरतो, आणि हात फक्त सोबत जातो. कोपराचा कोन एकदा ठरला की तो लागेपर्यंत बदलायचा नाही. दाराला लावलेली कडी जशी दाराबरोबर फिरते तसा हात धडाबरोबर फिरला पाहिजे. हात एकटा फिरतोय आणि धड तिथेच आहे असं झालं की कोपर उघडतं, आणि आपण पुन्हा वरच्या लांब हूकच्या रोगाकडे येतो.

कोपर वर कधी आणायचं हाही प्रश्न येतो. आधीच पंखासारखं उचललं तर समोरच्याला पत्र पाठवल्यासारखं होतं, शिवाय तुमच्या बरगड्या उघड्या पडतात. हात गार्डमधून निघतो तेव्हा कोपर खालीच असतं. धड फिरायला लागलं की ते मुठीच्या मागे वर येतं. मारण्याआधी हात मागे घेऊ नका, गालापासून निघून गालाकडेच परत या. मूठ वाटभर सैल, लागण्याच्या क्षणी घट्ट. सुरुवातीपासून आवळून ठेवली तर कोपरापुढचा सगळा हात ताठरतो, वेग मरतो आणि पहिल्याच फेरीत हात भरून येतो. उजवा हात या सगळ्या वेळात गालाला चिकटलेला. तुमचा डावा हूक निघतो तेव्हा समोरच्याचाही डावा हूक निघू शकतो, आणि छोट्या रस्त्याने येणारा आधी पोहोचतो.

डाव्या हूकचं नाव काढल्यावर अमेरिकन हेवीवेट मुष्टियोद्धा जो फ्रेझियर याच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १५ व्या फेरीत त्याने मोहम्मद अलीला ज्या ठोशाने पाडलं तो डावा हूकच. फ्रेझियरचा डावा हात लहानपणी मोडून नीट न जुळल्यामुळे पुरता सरळच होत नव्हता, असं तो स्वतः सांगायचा. म्हणजे त्याचं कोपर निसर्गतःच वाकलेलं! हे दुखणं कुणी मागून घेऊ नये, पण लांबून गोफण फिरवायचा मोह त्याला होण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला आत शिरावंच लागायचं आणि आत शिरल्यावर हूक जागच्या जागी, छोटा आणि जड. त्याआधी १८ जून १९६३ ला लंडनच्या वेम्बलीत ब्रिटिश मुष्टियोद्धा हेन्री कूपरने तेव्हाच्या कॅशियस क्लेला, म्हणजे याच अलीला, चौथ्या फेरीत डाव्या हूकनेच खाली बसवलं होतं. कूपर मुळात डावखुरा, पण उभा राहायचा ऑर्थोडॉक्स. नंतरचे जगज्जेते ऑस्कर डे ला होया आणि मिगेल कोट्टोही तसेच. ताकदीचा हात पुढे असला की हूकला काय धार येते ते या तिघांत दिसतं. तुम्ही डावखुरे असाल तर कोचशी यावर जरूर बोला. साउथपॉ, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून, उभं राहणं हा एकच मार्ग नाही.

पोटावरचा हूक मात्र वेगळा आहे, आणि तिथे माझं मत ठाम आहे. तळवा जमिनीकडे ठेवून बरगड्यांवर हूक मारू नका. मूठ खाली आणि कोपर वर असा उलटा हात होतो, मनगट दुमडतं आणि तुमचं डोकं उघडं पडतं. गुडघे वाकवून खाली या, कोपर खुब्याजवळ ठेवा, अंगठा वर किंवा किंचित बाहेर, म्हणजे तळवा स्वतःकडे आणि थोडा आकाशाकडे. हात खालून तिरका वर जातो, अर्धा हूक आणि अर्धा अपरकट, म्हणजे खालून वर मारायचा ठोसा. डाव्या हाताला यकृताचं निशाण मिळतं, समोरच्याच्या उजव्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास. तिथे नीट लागलं की माणूस क्षणभर ठीक दिसतो आणि मग पाय सोडून देतो. इच्छाशक्तीचा तिथे काही उपयोग होत नाही. २००४ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने नवव्या फेरीत डे ला होयाला असंच बसवलं. ज्याचा स्वतःचा डावा हूक जगभर गाजला, तो डाव्या हूकनेच पोटावर पडला. या ठोशात एक धोका लक्षात ठेवा. समोरच्याचं कोपर त्याच जागेवर पहारा देत असतं. तुमची मूठ त्या कोपराच्या टोकावर आदळली तर हाड तुमचं जाईल, म्हणून आधी वर काहीतरी दाखवून त्याचं कोपर उचलायला लावायचं.

आता पट्ट्या. हँडरॅप ४.५ मीटरचा घ्या, छोटे घेऊ नका. मनगटावर तीन-चार वेढे, मग नकल्सवर, बोटांच्या मधून, अंगठ्याभोवती, आणि उरलेला पुन्हा मनगटावर. बांधताना बोटं पसरलेली असावीत, नाहीतर मूठ वळल्यावर हात काळानिळा होतो. सरावाला १४ किंवा १६ औंसाचे ग्लव्हज ठीक, पण जाड ग्लव्ह चुका झाकतो हे ध्यानात असू द्या. मी स्वतः दोन वर्षं मऊ, फुगीर ग्लव्हजमध्ये तळवा खाली करून लांब हूक मारत होतो आणि मला वाटायचं माझा हूक फार भारी. स्पर्धेसाठी १० औंसाचे चढवले आणि पहिल्याच लढतीत अंगठा मुळापाशी मुरगळला. पुढचे दोन महिने शर्टाची बटणं डाव्या हाताने लावता आली नाहीत. म्हणून आता माझ्याकडे हूक शिकणाऱ्यांना मी कधीकधी नुसत्या पट्ट्यांवर, अगदी हलक्या हाताने, बॅगवर मारायला लावतो. पंचवीस टक्के जोर, त्याहून जास्त नाही. चुकीचं लागलं तर हात लगेच सांगतो.

तुमच्या दुखण्याबद्दल शेवटचं. दोन आठवडे बॅगवर हूक बंद करा. जॅब-क्रॉस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या हाताचे सरळ ठोसे, दुखत नसतील तर चालू ठेवा. हूक फक्त आरशासमोर, सावकाश, कोपराचा कोन बघत. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा दिसतो. त्या खळग्यात बोट दाबल्यावर कळ येत असेल तर वाट न बघता हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं आणि त्याची चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे ठीक आहे' एवढ्यावर थांबू नका; दुखत राहिलं तर पुन्हा दाखवा. तिथे कळ नसेल, सूज नसेल आणि विश्रांतीने दुखणं उतरत असेल, तर वरची टेकवून ढकलायची चाचणी करा आणि मग बॅगकडे परत या, नेहमी उभे राहता त्यापेक्षा एक वीत जवळ. पहिल्या दिवशी वीस हूक पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट कसं आहे ते बघून पुढचं ठरवा, आणि जमलं तर एखाद्या मित्राला बाजूने फोनवर चित्रण करायला सांगा, म्हणजे लागण्याच्या क्षणी कोपर किती उघडलंय ते तुम्हालाच दिसेल.